एका अक्षराची दुरुस्ती

फेब्रुवारी 2014 मध्ये मनिलातल्या एका वृत्तसंकेतस्थळावर कुणीतरी जुन्या बातमीतलं एक अक्षर दुरुस्त केलं. करचुकवेगिरीला इंग्रजीत ‘इव्हेजन’ म्हणतात. त्या शब्दात ‘एस’च्या जागी ‘टी’ पडला होता. टी काढला, एस बसवला, झालं. मुद्रितशोधकाच्या टेबलावर अशा चुका दिवसाला पन्नास निघतात आणि संध्याकाळी त्यातली एकही कुणाला आठवत नाही.

ही एक मात्र सरकारी वकिलांनी लक्षात ठेवली. मूळ बातमी 29 मे 2012 ची. त्याच दिवशी फिलिपिन्सच्या सिनेटने सरन्यायाधीश रेनातो कोरोना यांना महाभियोगात दोषी ठरवलं होतं, आणि सरन्यायाधीश एका उद्योगपतीच्या नावावरची गाडी वापरतात असं बातमीत लिहिलेलं होतं. ज्या सायबर गुन्हे कायद्याखाली पुढे खटला उभा राहिला, त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली सप्टेंबर 2012 मध्ये. म्हणजे बातमी आधी, कायदा मागाहून. मग गुन्हा कसा? सरकारी पक्षाचं उत्तर असं, की अक्षर बदललं त्या दिवशी बातमी नव्याने प्रसिद्ध झाली. आणि नेहमीच्या बदनामीच्या तक्रारीला एक वर्षाची मुदत असली, तरी या कायद्याखाली ती बारा वर्षं धरायची. मनिलाच्या न्यायालयाने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. 15 जून 2020 रोजी बातमी लिहिणारा माजी सहकारी आणि कंपनीच्या प्रमुख मारिया रेसा या दोघांना शिक्षा सुनावली गेली: किमान सहा महिने एक दिवस, कमाल सहा वर्षं.

रेसांनी ती बातमी लिहिली नव्हती, संपादितही केली नव्हती. त्याआधीची बरीच वर्षं त्यांनी दंगली, बंड, बाँबस्फोट आणि एका हुकूमशहाची गच्छंती टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगितली होती. गोळीबारातून वाचलेली बाई अखेर फायलीत सापडली.

आपल्याकडे मनिला हे शहर ऑगस्टच्या आसपास, मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाले की आठवतं. विनोबा, बाबा आमटे, पी. साईनाथ यांच्यामुळे ते नाव मराठी वाचकाच्या कानावर आहे, पण ओळख तेवढ्यावरच थांबते. खरं तर नातं आणखी जुनं आहे. तागालोग या तिथल्या भाषेत शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्याला ‘मुखा’ आणि बातमीला ‘बालिता’. हा बालिता मलय भाषेतल्या ‘बेरिता’चा भाऊ आणि दोघांचं मूळ संस्कृतात, आपल्या वृत्ता-वार्तेच्याच कुळात. समुद्र ओलांडून गेलेला शब्द तिकडे चांगला रुजला. बातमीचं पुढे त्या देशात काय काय झालं, ते रेसांच्या कारकिर्दीच्या आधाराने बऱ्यापैकी सांगता येतं.

त्यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1963 चा, मनिलाचा. एक वर्षाच्या असताना वडील गेले. आई कामासाठी अमेरिकेला गेली आणि मुली वडिलांच्या माणसांकडे राहिल्या. सप्टेंबर 1972 मध्ये फर्डिनंड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला, वृत्तपत्रं बंद पाडली, एबीएस-सीबीएन ही देशातली सर्वांत मोठी प्रसारण कंपनी ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी आई परत आली आणि दहा वर्षांच्या मारियाला न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हर नावाच्या गावी घेऊन गेली. रेसा हे आडनाव सावत्र वडिलांचं. प्रिन्स्टनला डॉक्टर व्हायच्या वाटेने सुरुवात झाली ती वळली इंग्रजी साहित्य आणि रंगभूमीकडे. पदवीचा शेवटचा प्रबंध म्हणून या मुलीने नाटक लिहिलं, तेही फिलिपिन्सच्या राजकारणावरचं रूपक. ज्या देशातून ती अर्ध्या बालपणात उचलली गेली, तो डोक्यातून गेला नव्हता.

तिची पदवी आणि तिकडची क्रांती एकाच वर्षी, 1986 मध्ये. त्या फेब्रुवारीत मनिलात जे झालं ते प्रसारणाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने एकदा नीट वाचावं असं आहे. लोकांना रस्त्यावर यायची हाक चर्चच्या रेडिओ व्हेरितासने दिली. मार्कोसच्या माणसांनी त्याचा ट्रान्समीटर फोडला. मग जून कीथली ही निवेदिका दुसऱ्या एका स्टेशनवरून, ठावठिकाणा न सांगता, रात्रभर बोलत राहिली आणि लोक तिच्या आवाजावर सैन्याच्या हालचाली कळून घेत राहिले. 24 फेब्रुवारीला मार्कोस सरकारी चॅनेल 4 वर पत्रकार परिषद घेत असताना पडदा एकदम काळा झाला. बंडखोर सैनिक स्टेशनात शिरले होते. काही तासांनी तेच चॅनेल पुन्हा दिसायला लागलं, आता दुसऱ्या बाजूच्या लोकांच्या हातात. दुसऱ्या दिवशी मार्कोस देश सोडून गेले.

ज्याच्या हाती ट्रान्समीटर, त्याच्या हाती देश, हे एवढं उघडंवाघडं क्वचित दिसतं. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर राजकीय नाटकाचा अभ्यास करायला मारिया मनिलाला आली ती याच वर्षी. नाटक मागे पडलं आणि ती पोचली नेमकी त्या चॅनेल 4 मध्ये. तिथली पहिली उमेदवारी आटोपून 1987 मध्ये चेचे लाझारो या ज्येष्ठ पत्रकार बाईंबरोबर तिने ‘प्रोब’ ही स्वतंत्र निर्मितिसंस्था उभी केली. वय चोवीस. शोधपत्रकारितेचा साप्ताहिक कार्यक्रम स्वतः तयार करायचा आणि वाहिनीला द्यायचा, असा तो व्यवहार. उद्योजक हे बिरूद रेसांना पुढे चिकटलं, पण सवय ही तेव्हाची.

लगेच सीएनएनचं बोलावणं आलं. आधी मनिला, 1995 पासून जकार्ता. अटलांटातल्या संपादकांना तोवर आग्नेय आशिया म्हणजे भूकंप आणि फेरीबोटी उलटण्याच्या बातम्या एवढंच माहीत होतं. मग मे 1998 उजाडला. जकार्तात त्रिसाक्ती विद्यापीठाचे विद्यार्थी गोळीबारात मारले गेले, शहर पेटलं, विद्यार्थी संसदेच्या आवारात ठाण मांडून बसले आणि 21 मे रोजी बत्तीस वर्षं खुर्चीवर असलेल्या सुहार्तोंनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी पूर्व तिमोर. स्वातंत्र्याच्या बाजूने 78.5 टक्के मतं पडली आणि त्याचा सूड म्हणून सैन्याच्या पाठबळावर टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. रेसा यातून वार्तांकन करत होत्या.

त्यांचं मोठं काम मात्र धगीपासून दूर, कागदपत्रांत झालं. जानेवारी 1995 मध्ये मनिलातल्या एका इमारतीत स्फोटकं तयार करताना आग लागली होती. पोलिसांना तिथे सापडलेल्या माणसाच्या जबानीत विमानं उडवायच्या कटाचा आणि वैमानिक प्रशिक्षणाचा उल्लेख होता. 11 सप्टेंबर 2001 नंतर रेसांनी ते जुने चौकशी अहवाल धुंडाळून धागा जोडला, पुढे 2002 च्या बालीतल्या स्फोटांपर्यंत आणला. 2003 मध्ये आलेलं ‘सीड्स ऑफ टेरर’ हे त्यांचं पुस्तक त्यातून झालं. कोण कुणाला ओळखतो, पैसा कुठून कुठे जातो, एकच माणूस तीन नावांनी कसा वावरतो, हे जाळं कागदावर मांडायचा त्यांना नादच लागला. हे कसब पुढे कुठे कामी येणार, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नसावं.

सीएनएनची नोकरी सोडून त्या मनिलाला परतल्या आणि एबीएस-सीबीएनच्या वृत्तविभागाच्या प्रमुख झाल्या. बाहेर राहून नाव कमावलेल्या माणसाने घरच्या मोठ्या संस्थेत येणं ही काय चीज असते, हे आपल्याकडच्या कुठल्याही वृत्तपत्रात वा वाहिनीत काम केलेल्याला सांगायला नको. शेकडो माणसं, जुन्या वहिवाटा, आणि ‘पाकीट’. फिलिपिनो पत्रकारांनी या प्रकाराला एक खोडकर नाव दिलंय. विकास-पत्रकारिता म्हणजे ‘डेव्हलपमेंटल’, तर पत्रकार परिषदेनंतर हातात येणाऱ्या लिफाफ्याची ती ‘एन्व्हलपमेंटल’. शब्द वेगळा, लिफाफा तोच. रेसांनी आचारसंहिता लिहून काढली आणि ती राबवायचा आग्रह धरला. त्यामुळे त्यांचे मित्र वाढले असतील असं वाटत नाही.

जून 2008 मध्ये त्यांच्या वाहिनीची नामांकित वार्ताहर सेस ड्रिलॉन आणि तिचे सहकारी सुलू बेटांवर अबू सय्याफ या दहशतवादी टोळीच्या हाती सापडले. सुटकेसाठीचा कक्ष रेसा चालवत होत्या. नऊ-दहा दिवसांनी माणसं सुखरूप परतली.

23 ऑगस्ट 2010 चा दिवस मात्र तसा सरला नाही. बडतर्फ झालेल्या एका पोलिस अधिकाऱ्याने हाँगकाँगच्या पर्यटकांची बस मनिलाच्या रिझाल पार्कात अडवून धरली. सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे तासन्‌तास तिच्यावर रोखलेले, आणि बसमध्ये टीव्ही होता. बाहेर काय चाललंय, आपल्या भावाला पोलिस कसे फरफटत नेताहेत, हे त्या माणसाने आत बसून थेट पाहिलं. आठ पर्यटक मेले. मुंबईकराला इथे 26/11 आठवल्यावाचून राहणार नाही. कमांडोंच्या कारवाईची थेट दृश्यं दाखवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात वाहिन्यांना खडे बोल सुनावले ते 2012 मध्ये. मनिलातला हा धडा त्या निकालाच्या दोन वर्षं आधीचा. रेसांची वाहिनी त्या गर्दीत होती आणि वृत्तविभागाची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांच्या कारकिर्दीचं कौतुक करणारे लेख हे पान भराभर उलटतात. उलटू नये. थेट प्रक्षेपण स्वतःच घटनेत सामील होतं, हे त्यांनी खुर्चीत बसून पाहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी वाहिनी सोडायचं ठरवलं.

मग चार बायका एकत्र आल्या. मारिया रेसा. ग्लेंडा ग्लोरिया, ‘न्यूजब्रेक’ या शोधपत्रकारितेच्या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी एक. चाय होफिलेन्या, जिने 1998 मध्येच ‘न्यूज फॉर सेल’ नावाचं पुस्तक लिहून पाकीटवाल्यांचा पंचनामा केला होता. आणि बेथ फ्रोंदोसो, टीव्हीच्या निर्मितीत मुरलेली. कार्यालयातली पोरं या चौघींना ‘मनांग’ म्हणतात. इलोकानो भाषेत मनांग म्हणजे थोरली बहीण. आपल्या ‘ताई’सारखंच: त्यात आदर असतो, धाक असतो आणि डबा उघडला की त्यातलं खायचा हक्कही असतो.

सुरुवात 2011 मध्ये एका फेसबुक पानाने झाली. जानेवारी 2012 मध्ये ‘रॅपलर’ हे संकेतस्थळ आलं. ‘रॅप’ म्हणजे बोलणं आणि ‘रिपल’ म्हणजे पाण्यावरचा तरंग, दोन्ही जोडून केलेलं नाव. हाताशी डझनभर तरुण वार्ताहर. मोबाइल फोनने चित्रण करायचं, तिथेच कापायचं, तिथूनच पाठवायचं. ज्या कामाला टीव्हीत गाडी, कॅमेरामन, प्रकाशवाला आणि संकलक लागत, ते एका पोरीच्या खांद्यावरच्या पिशवीत मावू लागलं. प्रत्येक बातमीखाली एक ‘मूड मीटर’ होता. बातमी वाचून राग आला, वाईट वाटलं, भीती वाटली, हसू आलं की काहीच वाटलं नाही, ते वाचकाने दाबून सांगायचं. त्यांना वाटे, मनातल्या भावनेला नाव दिलं की माणूस थोडा शांत डोक्याने विचार करतो. वादळ-पुराच्या वेळी लोकांनी पाठवलेली माहिती नकाशावर मांडायची व्यवस्थाही त्यांनी बांधली.

या सगळ्याचा पाया फेसबुक होता, आणि रेसा त्याच्या भक्त होत्या. आज त्या तसं कबूलही करतात. मधल्या दलालाशिवाय थेट लोकांपर्यंत जाता येतं, ट्रान्समीटर कुणाच्या मालकीचा नाही, असं त्या काळात शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटत होतं. फिलिपिन्समध्ये मोबाइल कंपन्यांशी करार करून फेसबुक डेटाचे पैसे न घेता मिळत होतं. पैसे मोजून दुवा उघडायचा की फुकटात मथळा वाचून पुढे ढकलायचा, असा सवाल असला की गरीब माणूस काय करेल ते उघड आहे. भारतात हाच प्रयोग ‘फ्री बेसिक्स’ नावाने आला होता. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने वेगवेगळ्या दराच्या डेटावर बंदी घालून तो थांबवला. त्या निर्णयाचं महत्त्व इथे बसून नीटसं कळत नाही. मनिलाहून पाहिलं की कळतं.

मे 2016 मध्ये रॉड्रिगो दुतेर्ते निवडून आले. दावाव शहराचे हे महापौर रेसांना जुने माहीत. ऑक्टोबर 2015 च्या मुलाखतीत त्यांनी रेसांसमोर, कॅमेरा चालू असताना, आपण तीन माणसं मारल्याचं सांगितलं होतं. एवढं बोलूनही, किंवा त्यामुळेच, ते जिंकले. 30 जूनला त्यांनी शपथ घेतली आणि अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत रात्री-अपरात्री माणसं मरू लागली. नुसत्या पोलिसी कारवाईतल्या मृतांचा सरकारी आकडाच पुढे 6000 च्या वर गेला. रॅपलरची पोरं रात्रपाळी करून मुडदे मोजत होती, घरच्यांशी बोलत होती.

इकडे रेसा, ग्लोरिया आणि होफिलेन्या यांना दुसरीच गोष्ट खटकत होती. मोहिमेवर टीका करणाऱ्या माणसाच्या अंगावर फेसबुकवर एकाच भाषेत, एकाच वेळी झुंडी येत होत्या. मग जुनं कसब बाहेर आलं: नावं, धागे, कोण कुणाशी जोडलेलं. त्यांनी 26 बनावट खाती हुडकली. स्वतःला एबीएस-सीबीएनमधली सॉफ्टवेअर अॅनालिस्ट म्हणवणारी एक बाई शंभरावर गटांत हिंडत होती, आणि त्या कंपनीत चौकशी केली तर अशी कुणी कामालाच नाही. या पद्धतीने, एकेक दाखला तपासत, त्यांनी हिशेब मांडला की ही 26 खाती 30 लाख खात्यांपर्यंत पोचू शकतात. रेसा सांगतात, की ऑगस्ट 2016 मध्ये सिंगापुरात फेसबुकच्या माणसांपुढे त्यांनी हे कागद ठेवले आणि काही केलं नाहीत तर तुमच्याकडे ट्रम्प येईल असंही म्हणाल्या. सगळे हसले. त्याही हसल्या. नोव्हेंबर तोवर यायचा होता.

ऑक्टोबरमध्ये लेखमाला छापली आणि मग झुंड त्यांच्याकडे वळली. एका टप्प्यावर तासाला सरासरी 90 विखारी संदेश. पुढे 2021 मध्ये युनेस्कोच्या कामाचा भाग म्हणून संशोधकांनी रेसांना उद्देशून आलेले सुमारे चार लाख ट्वीट आणि सत्तावन्न हजार फेसबुक मजकूर तपासले. साठ टक्के हल्ले विश्वासार्हतेवर, चाळीस टक्के बाईपणावर, शरीरावर. रेसांना त्वचेचा जुना विकार आहे. त्यावरूनही व्यंग्यचित्रं आणि शिव्या. रिपोर्टरच्या बातमीला उत्तर देता आलं नाही की तिच्या चेहऱ्याला उत्तर द्यायचं, ही रीत आपल्याकडच्या बातमीदार मुलींनाही पाठ झालेली आहे.

2017 मध्ये त्यांची झुकरबर्ग यांच्याशी गाठ पडली. इंटरनेट वापरणारे 97 टक्के फिलिपिनो फेसबुकवर आहेत, तुम्ही स्वतः येऊन पाहा, असं त्यांनी सुचवलं. रेसांच्या आठवणीप्रमाणे झुकरबर्ग यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, उरलेले तीन टक्के काय करताहेत?

झुंडीने कंपनी बंद पडत नाही. त्यासाठी कागद लागतो.

फिलिपिन्सच्या 1987 च्या संविधानानुसार वृत्तमाध्यमांची मालकी शंभर टक्के नागरिकांकडे हवी. परदेशी भांडवल घ्यायचं तर तिथे एक वहिवाट आहे, ‘डिपॉझिटरी रिसीट’ची. ती समजायला शेतीचा दाखला सोपा. सातबारा तुमच्याच नावावर, पैसे घालणाऱ्याला पिकातला ठरलेला वाटा, पण बांधावर येऊन काय पेरायचं हे सांगायचा त्याला हक्क नाही. देशातल्या मोठ्या वाहिन्यांनीही हा मार्ग वापरलेला. रॅपलरने 2015 मध्ये ओमिद्यार नेटवर्क आणि नॉर्थ बेस मीडिया या दोन परदेशी संस्थांकडून असेच पैसे घेतले. कंपनीतला मोठा वाटा पत्रकारांकडे, त्यात रेसांचा स्वतःचा चौथाईच्या आसपास.

पण ओमिद्यारच्या करारात एक कलम होतं. कंपनीच्या मूळ नियमावलीत बदल करायचा तर रिसीटधारकांच्या दोन तृतीयांशांची संमती घ्यायची. गुंतवणूकदार आपल्या पैशाच्या राखणीला असली कलमं घालतच असतात. जुलै 2017 मध्ये दुतेर्ते यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात रॅपलर अमेरिकनांच्या मालकीचं आहे असं जाहीर केलं आणि जानेवारी 2018 मध्ये रोखे आयोगाने त्याच कलमाकडे बोट दाखवून कंपनीची नोंदणी रद्द केली. बांधाला हात लावायचा तर विचारा, असं म्हणणं म्हणजे मालकीच, असा अर्थ त्यांनी लावला. रॅपलर अपिलात गेली. महिन्याभराने ओमिद्यारने आपल्या रिसीट, सुमारे 15 लाख डॉलरच्या, रॅपलरच्याच चौदा फिलिपिनो व्यवस्थापकांना देऊन टाकल्या.

आता इथे थोडं थांबून म्हणायला हवं, की ते कलम रॅपलरने मान्य करायला नको होतं. सत्तेशी वैर पत्करणाऱ्या माणसाने आपल्या करारातली ओळ न्‌ ओळ शत्रूच्या डोळ्यांनी वाचावी लागते. 2015 मध्ये हे कुणाला सुचलं असतं, हा भाग निराळा. निखळ पत्रकार असत्या तर रेसांवर फार तर बदनामीचा खटला झाला असता. मालक होत्या म्हणून करविभागही आला. त्याच रिसीटचे पैसे हे ‘उत्पन्न’ आणि रॅपलर ही रोख्यांची ‘विक्रेती’, असं ठरवून नोव्हेंबर 2018 मध्ये करचुकवेगिरीचे गुन्हे दाखल झाले. मालकी हीच त्यांची ताकद आणि तीच त्यांची सर्वांत उघडी बाजू होती.

13 फेब्रुवारी 2019. संध्याकाळची वेळ, न्यायालय बंद व्हायच्या बेताला. एका अक्षराच्या त्या प्रकरणातलं वॉरंट घेऊन साध्या कपड्यातले तपास अधिकारी पासिगमधल्या रॅपलरच्या कार्यालयात शिरले. एका तरुण वार्ताहर मुलीने फोन उचलून चित्रण चालू केलं आणि दृश्य थेट फेसबुकवर जाऊ लागलं. अधिकाऱ्याने तिला दरडावलं. ती थांबली नाही. जे फेसबुक अंगावर सोडलं गेलं होतं, त्याच्यावरूनच अटकेची बातमी जगभर गेली, हा विरोधाभास तिथल्या कुणालाच त्या क्षणी सुचला नसणार. जामीन त्या रात्री झाला नाही. रेसांनी रात्र तपास यंत्रणेच्या इमारतीत काढली आणि दुसऱ्या दिवशी एक लाख पेसो भरून बाहेर आल्या. सहा आठवड्यांनी परदेशाहून परतताना विमानतळावरच दुसरी अटक. दोन वर्षांच्या आत दहा वॉरंट निघाली. कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, जामीन भरायचा, बाहेर उभ्या बातमीदारांशी बोलायचं, कार्यालयात यायचं. ‘होल्ड द लाइन’, म्हणजे आपली जागा सोडू नका, ही त्यांची घोषणा याच दिवसांतली. रामोना डियाझ यांच्या ‘अ थाउजंड कट्स’ या 2020 च्या माहितीपटात ही सगळी धावपळ दिसते. खटल्याच्या तारखा सांभाळत बाई कार्यालयात बारीकसारीक गोष्टींवर खळखळून हसतात, ते त्यात विशेष लक्षात राहतं.

पगार कुठून द्यायचे, हा प्रश्न मात्र हसून सुटत नव्हता. रेसांच्या सांगण्याप्रमाणे 2018 मध्ये चार महिन्यांत जाहिरातींचं उत्पन्न जवळपास निम्म्याने घटलं. जाहिरातदारांना फोन जात होते, काहींना ते न येताही समजत होतं. मग वाचकांकडून वर्गणी घेणारी सभासद योजना आली, देणग्या आल्या, आणि खोटी खाती शोधताना हाती आलेलं विदेचं तंत्र कंपन्यांना सेवा म्हणून विकायचं सुरू झालं. झुंडीचा माग काढायची विद्या पोटापाण्याला लागली. याबद्दल रेसा एखाद्या व्यापाऱ्याच्या उत्साहाने बोलतात आणि ते मला आवडतं. धंद्याचं नाव काढलं की बावळट चेहरा करायचा, ही पत्रकारांची जुनी खोड त्यांच्यात नाही.

मोठ्या वाहिनीचं काय होतं, हेही त्याच सुमारास दिसलं. 5 मे 2020 रोजी, टाळेबंदी चालू असताना, एबीएस-सीबीएनला प्रक्षेपण थांबवायचा आदेश मिळाला. जुलैत संसदीय समितीने 70 विरुद्ध 11 मतांनी तिचा परवाना नाकारला. मार्कोसनी 1972 मध्ये सैनिक पाठवून जे केलं, ते आता मतदानाने झालं.

8 ऑक्टोबर 2021 रोजी रेसा स्वतंत्र माध्यमांवरच्या एका ऑनलाइन चर्चासत्रात बसल्या होत्या तेव्हा ओस्लोहून फोन आला. शांततेचं नोबेल, रशियाच्या ‘नोवाया गाझेता’चे संपादक दिमित्री मुरातोव यांच्यासोबत. फिलिपिन्सच्या वाट्याला आलेलं हे पहिलं नोबेल. पण बाई जामिनावर. ओस्लोला जायला न्यायालयाची परवानगी हवी, आणि सरकारच्या वकिलांनी ती देऊ नये असं म्हणणं मांडलं. 1935 चं पारितोषिक जर्मन पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांना मिळालं, तेव्हा ते नाझींच्या कैदेत होते आणि ते घ्यायला जाऊ शकले नव्हते. तो दाखला डोळ्यांसमोर असल्यामुळे असेल, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परवानगी मिळाली. 10 डिसेंबरच्या भाषणात रेसांनी आभाराची वाक्यं थोडक्यात आवरून तंत्रज्ञान कंपन्यांचा हिशेब काढला.

मला वाटतं त्या हिशेबात सगळी रक्कम फेसबुकच्या नावे टाकली गेली, तेही थोडं सोयीचंच. पाकिटं फेसबुकने आणली नव्हती. घराणी त्याने जन्माला घातली नाहीत. बसच्या काचेवर कॅमेरे रोखले ते टीव्हीवाल्यांनी. जमीन आधीच भुसभुशीत होती. 9 मे 2022 रोजी फिलिपिनो मतदारांनी तीन कोटींहून अधिक मतं देऊन फर्डिनंड मार्कोस ज्युनियर यांना निवडलं, त्यात समाजमाध्यमांवर पुन्हा लिहिलेल्या इतिहासाचा हात होताच. पण 1986 नंतर शाळेच्या पुस्तकांत, वाहिन्यांवर तो इतिहास कितपत सांगितला गेला, हाही प्रश्न राहतोच. तेव्हा मोठे ट्रान्समीटर रेसांच्या पिढीच्याच हातात होते.

दुतेर्ते यांचा कार्यकाळ संपायला दोन दिवस असताना, जून 2022 मध्ये, रोखे आयोगाने रॅपलर बंद करण्याचा आदेश पुन्हा कायम केला. कार्यालय चालूच राहिलं. त्यानंतर निकाल एकेक करून उलटे पडू लागले. जानेवारी 2023 मध्ये करचुकवेगिरीच्या चार आरोपांतून सुटका, सप्टेंबरमध्ये पाचव्यातून. जुलै 2024 मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा आदेशच रद्दबातल केला. परदेशी मालकीचा मुद्दा ओमिद्यारने रिसीट देऊन टाकल्या तेव्हाच मिटला होता, हे न्यायालयात टिकलं. मधली सहा वर्षं मात्र कुठल्याही निकालाने परत मिळाली नाहीत. मार्च 2025 मध्ये दुतेर्तेंना मनिलाच्या विमानतळावर अटक होऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेण्यात आलं आणि मृतांची मोजदाद करणाऱ्या त्या जुन्या बातम्यांना पुन्हा वाचक मिळाले.

एका अक्षराचं प्रकरण तेवढं चिकट निघालं. अपील न्यायालयाने 2022 मध्ये शिक्षा कायम केली, वर कमाल मुदत काही महिन्यांनी वाढवली. मग ते सर्वोच्च न्यायालयाच्या दारात गेलं.

दरम्यान रॅपलरने स्वतःचं गप्पांचं अॅप बांधायला घेतलं. डिसेंबर 2023 मध्ये ते आलं, ‘मॅट्रिक्स’ नावाच्या खुल्या प्रणालीवर, ज्यात कुणा एका कंपनीच्या यंत्रावर सगळं अवलंबून नसतं. पुढे जानेवारी 2025 मध्ये फेसबुकच्या मालकांनी अमेरिकेतली आपली तथ्यतपासणीची योजना गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. 2018 पासून फिलिपिन्समध्ये त्यांच्यासाठी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक रॅपलरच होती. नव्या अॅपमध्ये विषयवार खोल्या आहेत. वाचक येतात, प्रश्न टाकतात, आणि एखाद्या खोलीत एखादी वार्ताहर बसलेली असते, बातमी कशी मिळाली ते टाइप करून सांगत.